सोन्या कोण?

धाकटी आरशासमोरून हलेना, म्हणून थोरलीने तिच्या खांद्यावरून आरशाचा जेवढा कोपरा दिसत होता तेवढ्यात बघून केस बांधले. खरं तर आजचा मान थोरलीचा. रंगीत तालीम तिची, पास तिने आणलेले, आणि नटून निघाली होती धाकटी. थोरली गळ्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. तिच्या नव्या कामात सगळे काळंच घालतात, अंधारात दिसू नये म्हणून.

"दिसायचंच नाही, तर घरभर पास कशाला वाटायचे, जाऊबाई?" ओठांवरून रंग फिरवत धाकटी म्हणाली.

"मला बघायला नाही बोलावलं. काम बघायला बोलावलंय."

"काम म्हणजे कानाला ती डबी लावून बसायचं, तेच ना?"

"तेच."

डबी म्हणायचं धाकटीने ठरवून ठेवलं होतं. त्या वस्तूला हेडसेट म्हणतात हे घरात आता म्हाताऱ्या सासूलासुद्धा पाठ झालं होतं.

दोघी जावांनी एकाच साइटवर घमेली वाहिली होती. मैदानात कुठल्याशा जलशाचं स्टेज उभारायला मुकादमाने गँग पाठवली, त्या दिवशी नेमकी धाकटी तापाने घरी होती. लोखंडी सांगाडा वर चढवताना मोटर चालवणाऱ्याला वरचं टोक दिसेना, आणि थोरलीने सवयीने खालून आवाज दिला. साइटवर तिला भोंगा म्हणत. भोंगा वाजला तशी शोची मालकीणबाई हातातला चहा टाकून बघायला आली, की कोण आहे ही बाई. तिथून सुरुवात. आधी वायरी ओढायचं काम, मग विंगेत उभं राहून कलाकारांना आत पाठवायचं, आणि आता हे. काळोख्या हॉलच्या मधोमध टेबलाशी बसायचं आणि प्रत्येकाच्या कानात सांगायचं, कोणी केव्हा काय करायचं. तिने 'जा' म्हटल्याशिवाय तिथे दिवा लागत नसे की गाणं सुरू होत नसे.

त्या दिवशी ताप नसता तर तो आवाज आपला असता, याबद्दल धाकटीच्या मनात शंका नव्हती. तिचा आवाज सबंध आयुष्यात काँक्रीटच्या मिक्सरपलीकडे गेला नव्हता, ही बारीकशी गोष्ट तिने कधी मनावर घेतली नाही.

"दार लोटून घे जरा," थोरली म्हणाली. मग हळू आवाजात, "आज दौऱ्याचं ठरणार आहे. तालीम बघून मालकीणबाई सांगणार. माझं जवळजवळ नक्की आहे. पण मी दोन जागा मागितल्यात."

"दुसरी कोणाची?"

"तुझ्या भाऊजींची. वर चढून सांगाडे बांधायला माणूस लागतोच. एवढी वर्षं परांच्या बांधल्या त्यांनी, एक गाठ सुटलेली ऐकलीस का कधी? मालकीणबाई म्हणाल्या, आण, बघू दे माणूस कसा आहे."

"भाऊजींना सांगितलंस?"

"आणि काय ऐकून घेऊ? बायकोच्या वशिल्याने कुठे यायचं नाही म्हणून बसतील. एकदा जागा पक्की झाली की मी बघते कसं सांगायचं ते. तू आत्ता तोंड उघडू नकोस, एवढंच."

"मी कशाला उघडते," धाकटी म्हणाली.

आणि ती आरशात बघत राहिली. पण आता स्वतःकडे नाही. दौरा म्हणजे निदान वर्षभर गावोगाव. तिचा नवरा दूरच्या साइटवर, महिन्यातून कधी तरी उगवणारा. ही दोघं नवरा-बायको ट्रकमागून ट्रक भरून जग बघणार, आणि इथे राहणार कोण? ती आणि म्हातारी. म्हातारीचे गुडघे, म्हातारीची औषधं, म्हातारीचं 'थोरली असती तर' हे दिवसातून शंभरदा. जाऊबाईला काम मिळालं, नाव मिळालं, काळे कपडेसुद्धा शोभायला लागले; वर नवराही बरोबर पाहिजे!

तिने तोंड उघडलं नाही. शब्द दिला तो अक्षरशः पाळला. सगळं बिनसलं ते त्यामुळेच.

०

थोरली पुढे गेली होती. मागून बसने तिघं निघाले. म्हातारी खिडकीशी, तिच्या शेजारी तिचा मोठा मुलगा, आणि समोरच्या बाकावर धाकटी. मोठ्याला साइटवर लांबू म्हणत. बसच्या बाकात त्याचे गुडघे मावत नव्हते, म्हणून तो तिरका बसला होता. त्याचं मनही बरेच दिवस असंच तिरकं बसलं होतं.

"मी काही नाच बघायला येत नाहीये," म्हातारीने जाहीर केलं. "तिथल्या खुर्च्या फार मऊ असतात म्हणे. तेवढं बसून बघते."

"बस तू, आई. हवी तेवढी बस."

"तुझं तोंड का असं? बायकोने बोलावलंय, दाताच्या डॉक्टरने नाही."

लांबूने गुडघे दुसऱ्या बाजूला वळवले. काय सांगणार? की साइटवर दिवसभर ओरडून आलेली बायको घरीही ओरडायची, भांडी ओरडून मागायची, जेवायला ओरडून बोलवायची, आणि त्या ओरडण्यात तो सुखाने राहत होता? आता ती घरी यायची ती आवाज संपवूनच. दिवसभर दुसऱ्यांच्या कानात कुजबुजायचं आणि घरी येऊन 'हं' म्हणायचं. झोपेत मात्र बोलायची. "तयार राहा," असं अगदी हळू, आणि थोड्या वेळाने, "जा." एकदा त्याने सकाळी विचारलं होतं, "कोणाला जा म्हणतेस गं?" ती म्हणाली, "दिव्यांना." त्याला ते पटलं नव्हतं. दिव्यांना कोणी इतक्या मायेने जा म्हणतं का?

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी त्याने कोणालाच सांगितली नव्हती.

लग्नानंतर ती पहिल्यांदा साइटवर आली तेव्हा तो वरच्या मजल्यावर परांचीवर, कप्पीच्या दोराशी. ती खाली. भरलेली बादली वर घ्यायची, रिकामी खाली सोडायची. वरून खालचं नीट दिसायचं नाही, म्हणून ती आवाज द्यायची. घरात ती त्याला 'अहो' म्हणे, 'तुम्ही' म्हणे, 'या जेवायला' म्हणे. पण दोर खाली येत असताना 'या, या' कोण म्हणणार? साइटवर सगळं एकेरी. "ये सोन्या, ये, ये... बस्स!" सबंध इमारत ऐकायची. पहिल्या दिवशी हे ऐकून त्याच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला होता. मग रोज. उन्हातान्हात, वाऱ्यात, वर उभा राहून तो रिकामी बादली खाली सोडायचा आणि खालून त्याला कोणीतरी सोन्या म्हणायचं. घरी आली की पुन्हा अहो. त्याने कधी विषय काढला नाही. अशा गोष्टी विचारल्या की मोडतात, असं त्याला वाटायचं.

ती साइट सोडून गेल्यापासून त्याला कोणी सोन्या म्हटलं नव्हतं.

"तिथं सगळे एकमेकांच्या कानातच बोलतात, भाऊजी," समोरून धाकटी म्हणाली. "मी एकदा डबा द्यायला गेले होते ना, तेव्हा बघितलं. जाऊबाई नुसती पुटपुटली आणि पार पलीकडे तो मोटरवाला हसला. हसला म्हणजे काय, लाजलाच."

"कोण मोटरवाला?"

"असेल कोणीतरी. वरून सामान खाली सोडतो. तुमच्यासारखंच."

म्हातारीने सुनेकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर. तिला ऐकू कमी यायचं, पण कोणतं वाक्य कशासाठी टाकलंय हे कळायला कान लागतातच असं नाही.

०

हॉलच्या मागच्या दाराशी थोरली त्यांना न्यायला आली. म्हातारीला आणि धाकटीला पहिल्या रांगेत बसवलं. खुर्ची खरंच मऊ निघाली. म्हातारी तिच्यात इतकी खोल गेली की फक्त डोकं वर राहिलं. मग थोरली नवऱ्याला विंगेत घेऊन गेली आणि त्याच्या हातात एक हेडसेट दिला.

"हा कशाला?"

"बसल्या बसल्या काम कसं चालतं ते ऐका. तुम्हाला कळेल. बाकी कोणाला घरात नाही कळणार." ती त्याच्या कानावर ते नीट बसवत होती, आणि मध्ये मध्ये मागे वळून बघत होती. त्याला वाटलं, दुसऱ्या कोणासाठी असेल. "फक्त ऐकायचं हं. हे बटण दाबायचं नाही. दाबलं की तुमचं बोलणं सगळ्यांच्या कानात जातं."

"मला शिकवतेस? एका दोरावर एकच आवाज, हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू खरं होतं. पण तेवढ्यात एक जाडशी, चष्मा डोक्यावर चढवलेली बाई तिथून गेली, तिने लांबूकडे खालून वरपर्यंत बघितलं आणि मान हलवली. थोरली लगबगीने तिच्यामागून गेली. लांबूने मनात म्हटलं, बघा, नवरा दाखवून झाला, आता पळा.

त्याला कसं कळावं की ती मालकीणबाई, आणि तिने माणूस बघून घेतला होता, आणि माणूस तिला पसंत पडला होता?

दिवे गेले. कानात खरखर झाली. आणि मग त्याच्या बायकोचा आवाज आला.

इतका जवळ! एवढ्या वर्षांचा संसार, पण तिचा आवाज त्याच्या इतका जवळ कधीच आला नव्हता. आठ-दहा मजले खालून आला होता, स्वयंपाकघरातून आला होता, पांघरुणाच्या पलीकडून आला होता. हा थेट डोक्याच्या आतच बोलत होता. हळू, मऊ, न घाबरलेला. "सगळे जागेवर? बरं. सुरुवातीचे दिवे, तयार राहा. गाणं, तयार राहा... दिवे, जा. गाणं, जा."

आणि खरंच दिवे लागले, गाणं सुरू झालं. लांबूचा ऊर अभिमानाने भरून आला. ते थोडाच वेळ. लगेच त्याच्या लक्षात आलं की हा आवाज जितका माझ्या जवळ आहे तितकाच जवळ तो सगळ्यांच्या आहे. दिवेवाला, गाणंवाला, पडद्यावाला, कोण कोण अंधारात कान देऊन बसलेत, आणि ही प्रत्येकाच्या डोक्यात शिरून बोलतेय. मध्येच कोणीतरी विनोद केला, आणि ती हसली, नाकातून, छोटंसं. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. हे घरातलं होतं. हे बाहेर आणलं कोणी?

स्टेजवर नाचणाऱ्या मुली आल्या. त्यांच्या डोक्यावर, उंच, दिव्यांनी मढवलेली एक लोखंडी कमान लटकत होती. ती हळूहळू खाली येणार आणि मुली तिच्याखालून पुढे जाणार.

"कमान, तयार राहा," थोरलीचा आवाज.

"तयार आहे," एक पुरुषी आवाज. गोड होता. धाकटी खोटं नव्हती बोलली.

"कमान, जा. हळू. हां... ये. ये सोन्या. ये, ये, ये..."

लांबूच्या डोळ्यांपुढे स्टेज राहिलं नाही. समोरच्या विंगेत, मोटरच्या खांबाशी, एक काळा शर्ट उभा होता आणि कमरेतून वाकून हसत होता; म्हणजे तो वाकला होता लिव्हर बघायला, हे नंतर कळलं. लांबूचं बोट कधी बटणावर गेलं ते त्याला कळलं नाही.

"कोण रे सोन्या? ए! सोड तिला!"

मोटरवाल्याच्या कानात शब्द पोहोचले ते एवढेच: सोड तिला.

कमान ती. तिला सोड म्हणतायत. त्याने सोडली.

०

थोरलीने ते टेबलापासून बघितलं. कमान हळू येत होती ती एकदम धावली. खाली मुली पाठमोऱ्या, हात वर करून फिरत होत्या. कानात नवऱ्याचा आवाज अजून घुमत होता, आणि तिला कळत होतं की आता माइकमध्ये बोलायला वेळ नाही, त्या गोंधळात कोणाला ऐकूही येणार नाही. तिने हेडसेट कानावरून खाली ओढला आणि पोटातून ओरडली.

"थांऽऽब!"

किती महिन्यांत हा आवाज वाजला नव्हता. तो त्या हॉलच्या छताला लागला, भिंतींना लागला, गाण्याच्या वर चढला. मोटरवाल्याचा हात कोणी धरल्यासारखा जागच्या जागी गोठला. कमान थबकली, हिंदकळली, आणि मधल्या मुलीच्या वर उचललेल्या हाताला टेकून थांबली. मुलीने हात खाली घेतला, मनगट चोळलं आणि खाली बसली. लागलं नव्हतं.

गाणं कोणीतरी बंद केलं. त्या शांततेत पहिल्या रांगेतून टाळ्या ऐकू आल्या. म्हातारी वाजवत होती.

"काय नेमकी अडवली हो!" ती धाकटीला म्हणाली. "श्वास धरून बसले होते मी."

धाकटीने तिचे हात धरून खाली घेतले. धाकटीला सगळं कळलं होतं. भाऊजींचं ओरडणं तिने विंगेतून, उघड्या कानाने ऐकलं होतं.

मालकीणबाई उठून टेबलापाशी आली. चष्मा आता डोळ्यांवर होता. तिने तिथला दुसरा हेडसेट उचलला. "लाइनवर कोण बोललं?"

मोटरवाल्याने एक हात वर केला.

"मी 'सोड' ऐकलं," मोटरवाला म्हणाला. गोड आवाज पार सुकला होता. "मला वाटलं... ताईंच्या मागोमाग आलं, म्हणून मला वाटलं तसंच सांगितलंय."

"ताईंचा आवाज आणि गड्याचा आवाज यातला फरक कळत नाही तुला? वरून माल सोडणारा माणूस तू!"

इकडे आपल्या विंगेत लांबू हेडसेट कानाला लावून उभा होता. सगळं ऐकत होता. त्याला वाटलं, आता ती सांभाळून घेईल. लाइनमध्ये खरखर आली म्हणेल, काहीतरी म्हणेल. त्याने नसतं का सांभाळून घेतलं? साइटवर तिच्या हातून विटा पडल्या होत्या तेव्हा मुकादमाला त्याने सांगितलं होतं, माझा पाय लागला.

थोरलीने मोटरवाल्याकडे बघितलं. तरणा पोरगा, लग्न ठरलेला. आज इथून काढला तर कोणी पुन्हा मोटरला हात लावू देणार नाही. मग तिने खाली बसलेल्या मुलीकडे बघितलं. ती अजून मनगट चोळत होती.

"त्याचा दोष नाही, बाई," ती म्हणाली. "माझा नवरा बोलला. हेडसेट मीच दिला होता."

मग मालकीणबाईचा आवाज, सगळ्यांच्या कानात, "हाच ना तो? ज्याची जागा तू मागत होतीस?"

लांबूच्या हातातून तेव्हाच काहीतरी सुटलं. दोर नव्हता, म्हणून धरता आला नाही.

"हो," थोरली म्हणाली. "हेच."

"माणूस दिसायला कामाचा वाटला होता मला. आता तू सांग. लाइन तुझी आहे. दौऱ्यावर घेऊ की नको?"

तिला दौऱ्याचं वर्ष दिसलं. अनोळखी गावं, एकटीची खोली, रात्री झोपेत जा म्हणायचं आणि शेजारी ऐकायला कोणी नाही. आणि हेही दिसलं की परका असता तर हा प्रश्नच आला नसता. तिने तो तिथल्या तिथे मिटवला असता. तिने हेडसेट पुन्हा कानावर चढवला. जे सांगायचं ते त्यालाही ऐकू जायला हवं होतं, पाठीमागून नको.

"त्यांना घेऊ नका," ती म्हणाली.

आणि लगेच, त्याच हळू, मऊ आवाजात, "कमान वर. सगळे पहिल्या जागेवर. पोरी, पाणी पी. तू नीट झालीस की सुरू करू."

०

हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर दुपारचं ऊन पडलं होतं. लांबू सगळ्यात खालच्या पायरीवर पाय लांब सोडून बसला होता. शेजारी, पण एक हात अंतर ठेवून, धाकटी येऊन बसली. तिचा सगळा थाट घामाने उतरला होता.

"आई?"

"आत आहेत. उठायलाच तयार नाहीत. खुर्चीत रुतल्यात."

धाकटीने पायरीवरचा एक खडा उचलला, पुन्हा ठेवला.

"मला माहीत होतं, भाऊजी."

"काय?"

"तुमची जागा मागितलेली. सकाळीच सांगितलं होतं जाऊबाईने. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"मग बरोबर केलंस. नाही सांगितलंस."

"नाही ना बरोबर!" धाकटीचा आवाज चढला, म्हणजे जेवढा चढायचा तेवढा. "बसमध्ये मी तो मोटरवाला काढला. हसला नव्हता तो, भाऊजी. त्याला शिंक आली होती."

लांबूने तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता हा ओरडेल, आणि तिला ते हवंही होतं. पण त्याने फक्त विचारलं.

"का गं?"

"तुम्ही दोघंही गेला असता." तिने पदराने नाही तर सरळ हाताच्या तळव्याने ओठांचा रंग पुसला; अर्धा पुसला गेला, अर्धा गालावर पसरला. "आणि मी? माझ्याकडे कोण बघणार होतं? माझ्यासाठी कोणी दोन जागा मागितल्या असत्या? एकतरी?"

ज्या आगीत तो भाजला होता त्याच आगीत ही पण बसली होती हे त्याला दिसलं, पण म्हणून तिची कीव करायला त्याचं मन अजून मोकळं नव्हतं. "तोंड धू जा," तो म्हणाला. "रंग लागलाय." तिच्यासाठी त्याला तेवढंच जमलं.

दार उघडलं आणि थोरली बाहेर आली. हातात चहाचे दोन कागदी पेले. धाकटी उठली, तिच्याकडे न बघता बाजूने आत गेली. थोरलीने मान वळवून तिच्याकडे बघितलं, गालावरचा रंग बघितला, आणि तिला बरंच काही कळलं असावं. पण ती नवऱ्याच्या शेजारी बसली. एक पेला त्याच्या हातात दिला.

"मुलगी बरी आहे," ती म्हणाली. "नाचतेय पुन्हा."

"हं."

चहा गरम होता. दोघांनी फुंकर घालायला वेळ घेतला.

"सोन्या कोण?" तो म्हणाला. पेल्यात बघून.

"कोण सोन्या?"

"कानात म्हणालीस ना. ये सोन्या."

"अहो, कमान!"

"कमान बाई असते."

"मग काय, ये सोने म्हणू तिला?" ती वैतागून म्हणाली. "जड वस्तू खाली यायला लागली की माझ्या तोंडातून येतं ते. वासराला बोलवल्यासारखं. सवय आहे साइटवरची. बादलीला नाही का म्हणायचे?"

लांबूने पेला पायरीवर ठेवला.

"बादलीला?"

"मग कोणाला?" आणि मग तिने त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. या वयाच्या, एवढ्या उंच माणसाचे कान. "अगं बाई," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. पेल्यातला चहा हातावर सांडला तरी ती हसत होती. "इतकी वर्षं? तुम्हाला वाटायचं की मी... सगळ्या साइटसमोर?"

"हस. हस हवं तेवढं."

तिचं हसू उतरत गेलं. पूर्ण उतरलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचं की कसलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती वर्षं तिने पुन्हा एकदा बघितली. वर उन्हात दोर धरून उभा असलेला नवरा, आणि खाली रिकाम्या बादलीचे लाड करणारी आपण.

"एकदा तरी विचारायचंत."

"विचारलं असतं तर तू बंद केलं असतंस."

खरं होतं. लाजेनेच बंद केलं असतं. तिने हाताला लागलेला चहा कपड्याला पुसला. काळ्यावर डाग दिसला नाही.

"मी जाणार आहे दौऱ्यावर," ती म्हणाली. "मालकीणबाईंनी आत्ताच सांगितलं."

"ऐकलं नाही तरी माहीत होतं. तो आवाज ऐकल्यावर कोण सोडेल तुला?"

"आणि तुम्हाला घेऊ नका, हे मीच म्हणाले."

"ते ऐकलं." त्याने पेला उचलला, रिकामा होता, तरी ओठांना लावला. "बरं केलंस असं काही मी म्हणणार नाही. मला राग आलाय. चांगला आलाय. पण माझ्या दोरावर कोणी असा मध्ये बोलला असता ना, तर मी त्याला पुन्हा परांचीच्या खालीसुद्धा उभा केला नसता."

"म्हणूनच म्हणाले."

"माहीत आहे म्हणूनच."

आतून कोणीतरी दार उघडून तिला खूण केली. ती उठली. त्याने तिच्या हातातून रिकामा पेला घेतला आणि आपल्यात बसवला.

"माझ्या जागी कोण घेणार?"

"बघतील कोणीतरी. अजून ठरायचंय."

"तरुण?"

"वर चढायचं असतं हो. तरुणच असणार."

"हं." पेले त्याच्या हातात चेपत चालले होते. "तो तुला काय म्हणेल?"

"कोण?"

"जो येईल तो."

थोरली दाराशी थांबली. हसायचं नाही असं तिने ठरवलं आणि ते पाळलं. "नवीन आले की सगळे मॅडम म्हणतात," ती म्हणाली.

लांबूने विचार केला. सावकाश, सगळ्या बाजूंनी, एखादी गाठ ओढून बघावी तसा.

"मॅडम चालेल," तो म्हणाला.

"बरं," थोरली म्हणाली, अगदी गंभीरपणे, जणू ते ठरवणं अजून त्याच्याकडेच होतं. आणि आत गेली.